आपला राष्ट्रध्वज

तीन हात लांब आणि दोन हात रुंद असे साधे सुती कापड. त्याची किंमत करावयाची म्हटले, तर ती काही फार होणार नाही. पण त्याच कापडाला केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन रंग चढले, मध्ये निळे चक्र उमटले आणि ते दोरीवरून वर सरकू लागले, की एरवी क्षणभरही गप्प न राहणारी शेकडो मुले मैदानावर स्तब्ध उभी राहतात. कापड तर तेच असते. मग हा फरक कशाने पडतो? या कापडासाठी आपल्या देशातील माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास सोसला, काहींनी तर प्राणही दिले. त्यांत तुमच्याहून थोडीशीच मोठी मुलेही होती. ही कथा ठाऊक असल्यावाचून ध्वजाचे नियम नुसते पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

झेंडा ही वस्तू फार जुनी आहे. रणांगणावर धुळीच्या लोटात आपले कोण आणि परके कोण हे कळावे म्हणून प्रत्येक सैन्याचे निशाण असे. निशाण उभे आहे तोवर आपली फौज उभी आहे, अशी सैनिकांची खात्री असे. ते पडलेले दिसले की धीर सुटून फौजेची पळापळ होई. मराठ्यांचा भगवा झेंडा आणि पुढे जरीपटका यांची नावे तुम्ही इतिहासात वाचली आहेतच. कोणी मोठा पराक्रम केला, की ‘अटकेपार झेंडे लावले’ असे आपण अजूनही म्हणतो. परंतु हे झेंडे एकेका राज्याचे किंवा राजाचे होते. साऱ्या भारताचा असा एक झेंडा तेव्हा नव्हता. इंग्रजांचे राज्य आल्यावर तर सरकारी इमारतींवर इंग्लंडचा युनियन जॅक फडकू लागला. आपलाही एक ध्वज असावा ही इच्छा स्वातंत्र्याच्या इच्छेबरोबरच जन्माला आली.

७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे असलेला ध्वज फडकला. त्यावर कमळे, सूर्य, चंद्रकोर आणि ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे होती. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे अनेक देशांच्या समाजवादी प्रतिनिधींची परिषद भरली होती. तेथे मुंबईच्या एका पारशी घराण्यात जन्मलेल्या मॅडम भिकाजी कामा यांनी तशाच धर्तीचा ध्वज उघडून दाखविला आणि भारताच्या स्वातंत्र्याची मागणी केली. ज्या देशाला जगाच्या नकाशावर स्वतःचा रंगदेखील नव्हता, त्याचा ध्वज परक्या भूमीवर एका स्त्रीने उंच धरला! तो ध्वज पुढे गुप्तपणे भारतात आणण्यात आला आणि पुण्यास केसरीवाड्यात जपून ठेवण्यात आला. मॅडम कामांनी आयुष्याचा मोठा काळ परदेशात काढला. त्या अखेर मुंबईस परतल्या आणि १९३६ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले.

१९१७ साली होमरूल चळवळीच्या वेळी लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी पाच तांबड्या व चार हिरव्या पट्ट्यांचा आणि सप्तर्षींचे तारे असलेला ध्वज वापरला. त्याच्या एका कोपऱ्यात युनियन जॅकही होता. इंग्रजी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळवावे, अशी तेव्हाची मागणी होती. ध्वजही तेच सांगत होता. तो कोपरा लोकांना रुचला नाही.

आजच्या तिरंग्याची खरी सुरुवात १९२१ साली बेझवाड्यास, म्हणजे आजच्या विजयवाड्यास झाली. तेथे काँग्रेसच्या महासमितीची बैठक भरली होती. आंध्रातील पिंगली वेंकय्या नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षे राष्ट्रध्वजाचाच विचार करीत होते. निरनिराळ्या देशांच्या ध्वजांचा अभ्यास करून त्यांनी १९१६ साली एक पुस्तिकाही काढली होती. त्यांनी गांधीजींना तांबड्या व हिरव्या रंगांचा ध्वज करून दिला. जालंदरच्या लाला हंसराज यांनी त्यावर चरखा असावा असे सुचविले होते. गांधीजींनी त्यात पांढऱ्या पट्ट्याची भर घातली. त्या वेळी रंगांचा अर्थ असा सांगत, की तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मांचा.

हा अर्थ वरवर पाहता किती सोपा! पण त्यातच अडचण होती. आपला रंग ध्वजात का नाही, असे शीख बंधू विचारू लागले, आणि त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. एकेका समाजाला एकेक पट्टा द्यावयाचा, तर या देशात पट्टे किती होतील? आणि कोणाचा पट्टा वर व कोणाचा खाली, हे कोणी ठरवावयाचे? १९३१ साली या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिने भांडणाचे मूळच काढून टाकावे म्हणून संपूर्ण केशरी रंगाचा, कोपऱ्यात चरखा असलेला ध्वज सुचविला. तो मान्य झाला नाही. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईस भरलेल्या महासमितीच्या बैठकीने वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा असा ध्वज स्वीकारला. रंगांचा संबंध कोणत्याही धर्माशी नाही. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा आणि हिरवा श्रद्धेचा व समृद्धीचा, असे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. पट्टे जवळजवळ तेच राहिले, पण त्यांचा अर्थ बदलला. माझ्या मते ध्वजाच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणपणाचा निर्णय दुसरा नाही. आजही कोणी ‘हा रंग आमचा, तो रंग त्यांचा’ असे म्हणताना आढळतो. त्याने १९३१ सालची ही हकीकत वाचलेली नसते.

आता थोडे मागे जाऊन नागपूरची गोष्ट सांगितली पाहिजे. १९२३ साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, जेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले होते, तिरंगा घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली. रस्ता सार्वजनिक, कापड स्वतःचे, हातात शस्त्र नाही. मग मनाई का? लोकांनी ती मोडावयाचे ठरविले. १ मे १९२३ पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांची एक लहानशी तुकडी झेंडा घेऊन निघे, मनाई असलेल्या हद्दीपाशी पोहोचे आणि पकडली जाई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी त्याच वाटेने निघे. वर्ध्याचे जमनालाल बजाज या सत्याग्रहाचे पुढारी होते. त्यांना अटक झाली. विनोबा भावेही तुरुंगात गेले. तेव्हा वल्लभभाई पटेल गुजरातेतून येऊन सत्याग्रहाची धुरा सांभाळू लागले. दूरदूरच्या प्रांतांतून लोक आगगाडीने नागपुरास येत आणि स्थानकावरून जणू सरळ तुरुंगाच्या वाटेला लागत. दीड हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. अखेर १८ ऑगस्ट रोजी झेंड्याची मिरवणूक त्याच मनाई असलेल्या रस्त्यावरून गेली आणि सत्याग्रह संपला. आज नागपूरच्या त्या भागातून तिरंगा लावलेली सायकल घेऊन जाणाऱ्या मुलाला या रस्त्याची किंमत काय पडली, हे ठाऊक असेलच असे नाही.

१९२९ सालच्या ३१ डिसेंबरला मध्यरात्री लाहोर येथे रावी नदीच्या काठी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिरंगा फडकविला, आणि संपूर्ण स्वातंत्र्य हे ध्येय ठरले. त्यानंतर गावोगावी हा ध्वज घेऊन मिरवणुका निघू लागल्या.

अशाच एका मिरवणुकीची हकीकत खानदेशातली आहे. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात ‘छोडो भारत’ची घोषणा झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबार गावात शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. तिच्यात शिरीषकुमार मेहता हा मुलगा होता. त्याला तेव्हा सोळावे वर्ष चालू होते. पोलिसांनी मुलांना अडविले आणि परत फिरण्यास सांगितले. मुले फिरली नाहीत. गोळीबार झाला. शिरीषकुमार हातात तिरंगा घेऊनच कोसळला. त्याच्याबरोबर धनसुखलाल, शशिधर, घनश्याम आणि लालदास हे त्याचे सोबतीही गेले. ज्या चौकात हे घडले, तेथे त्यांचे स्मारक आहे. आसामात गोहपूर येथे सतरा वर्षांची कनकलता बरुआ आणि बंगालमध्ये तामलुक येथे मातंगिनी हाजरा ही सत्तरी ओलांडलेली आजी, याच सप्टेंबर महिन्यात, याच ध्वजासाठी गोळीला बळी पडली. ही नावे वाचताना जरा थांबावे. ही माणसे कोणतेही राज्य जिंकावयास निघाली नव्हती; एक ध्वज सरकारी इमारतीपर्यंत नेणे किंवा चौकातून मिरविणे, एवढेच त्यांना करावयाचे होते.

१९४७ साली स्वातंत्र्य दाराशी येऊन ठेपले, तेव्हा देशाचा अधिकृत ध्वज ठरविणे भाग पडले. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीन रंग तेच राहिले, पण चरख्याच्या जागी चक्र आले. असे का केले असावे? एक लहानसा प्रयोग करून पाहा. पातळ कागदावर शाईने चरखा काढा. एका बाजूस त्याचे मोठे चाक येईल, दुसऱ्या बाजूस चाती येईल. आता कागद उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहा. चाकाची जागा चातीने घेतलेली दिसेल! ध्वज तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे. पंडित नेहरूंनी घटना समितीपुढे हीच अडचण मांडली होती. म्हणून चरख्यातील चाक तेवढे ठेवावे, आणि ते कोणतेही चाक नसून सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र असावे, असे ठरले. चक्र कोठूनही पाहिले तरी चक्रच दिसते.

सारनाथ हे काशीजवळचे ठिकाण. भगवान बुद्धांनी आपला पहिला उपदेश तेथे केला. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने तेथे एक स्तंभ उभारला. त्याच्या माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आहेत आणि त्यांच्या पायांखालच्या बैठकीवर चक्रे कोरलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननात हा स्तंभशीर्ष सापडला. तो सारनाथच्या संग्रहालयात आहे. तेच सिंह आपल्या नाण्यांवर आणि तेच चक्र आपल्या ध्वजावर आले. चक्राला चोवीस आरे आहेत. काही लोक त्यांचा मेळ दिवसाच्या चोवीस तासांशी घालतात. कल्पना गोड आहे. परंतु अशोकाच्या काळी आपल्याकडे दिवस तासांत मोजीत नसत, हे लक्षात ठेवावे. कोनमापक घेऊन तुम्ही हे चक्र बिनचूक काढू शकाल. लगतच्या दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंशांचा कोन येतो. वहीत ध्वज काढताना मुले बहुधा आठ किंवा बारा आरे काढून मोकळी होतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने हा ध्वज स्वीकारला. नेहरूंनी सभासदांना दाखविण्यासाठी दोन ध्वज आणले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. त्याच बैठकीत डॉ. राधाकृष्णन यांनी ध्वजाचा अर्थ उलगडून सांगितला. केशरी रंग म्हणजे वैराग्य. राज्य चालविणाऱ्यांनी स्वतःच्या लाभाकडे पाहू नये. पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याची वाट. हिरवा म्हणजे माती आणि तिच्यातून उगवणारे गवत व झाडे, ज्यांच्यावर आपणा सर्वांचे जीवन चालते. चक्र म्हणजे धर्म, अर्थात न्यायाचा नियम. आणि चक्र फिरते, म्हणून गती. थांबलेल्या पाण्याला वास येऊ लागतो, हे तुम्हांला माहीत आहेच. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसाबेन मेहता यांनी भारतातील स्त्रियांच्या वतीने हा ध्वज घटना समितीला अर्पण केला. पुष्कळांची अशी समजूत असते, की लाल किल्ल्यावर नेहरूंनी १५ ऑगस्टलाच ध्वज फडकविला. पहिल्या वर्षी तो समारंभ १६ ऑगस्टला झाला होता.

आता ध्वज कसा असतो ते पाहू. त्याची लांबी व उंची यांचे प्रमाण तीनास दोन असे असते आणि तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतात. मान्य केलेली मापे नऊ आहेत. सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर उंच, तर सर्वांत लहान १५० व १०० मिलिमीटरांचा. स्वतंत्र भारतात मालाच्या दर्जाची मानके ठरविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचेच होते. ते १९५१ साली प्रसिद्ध झाले. सूत कसे असावे, रंगाची छटा कोणती, शिलाई कशी, हे सारे त्यात ठरवून दिले आहे. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे आणि आपल्याकडे नांदेड येथे असे खादीचे ध्वज तयार होतात. पूर्वी ध्वज हातसुताचा व हातमागाचाच असावा लागे. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलला आणि यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या कापडासही परवानगी मिळाली. त्यामुळे ध्वज स्वस्त झाले, घरोघर पोहोचले, हे खरे. तरीही ज्या ध्वजावर एके काळी चरखा होता, तो सूतकताईवाचून तयार व्हावा, हे माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या मनाला थोडे खटकते.

सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक पूर्वी नव्हती. राष्ट्रीय सणांच्या ठराविक दिवशीच तो लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि ही बंधने सैल झाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही निर्णय दिला, की मानाने ध्वज फडकविणे हा नागरिकाचा हक्क आहे. पूर्वी सूर्यास्ताला ध्वज उतरवावाच लागे. जुलै २०२२ पासून नागरिकाला आपल्या घरावर तो रात्रीही ठेवता येतो.

हक्क मिळाला की पथ्य आलेच. ध्वजाची केशरी बाजू नेहमी वर असावी. तो भिंतीवर उभा टांगला, तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. ध्वज झपझप चढवावा आणि उतरविताना संथपणे उतरवावा. फाटका, मळका किंवा चुरगळलेला ध्वज लावू नये. तो जमिनीला वा पाण्याला टेकू नये. त्याच्या वर किंवा शेजारी अधिक उंचीवर दुसरा झेंडा अथवा पताका असू नये. त्यावर काही लिहू नये. त्याचा टेबलावरचा कपडा, उशीचा अभ्रा किंवा हातरुमाल करू नये. कमरेखाली घालावयाच्या वस्त्रात तर त्याचा वापर मुळीच चालत नाही. ध्वज चढविण्यापूर्वी त्यात फुलांच्या पाकळ्या बांधण्यास मात्र हरकत नाही. ध्वज वर जात असताना सर्वांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहावे. घडी घालताना केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा आणि मग दोन्ही बाजू अशा वळवाव्यात, की चक्र वर दिसत राहील. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा १९७१ साली झाला. ध्वज जाणूनबुजून जाळणे, तुडविणे वा विद्रूप करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

दुखवट्याचा नियम बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. राष्ट्रातील एखादी थोर व्यक्ती निवर्तली, की ध्वज अर्ध्यावर आणतात. पण तो खालून सरळ अर्ध्यापर्यंत चढवून तेथेच बांधीत नाहीत. आधी तो पूर्ण वर नेतात, क्षणभर थांबतात, आणि मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवितानाही आधी पुन्हा माथ्यापर्यंत नेतात. ज्याच्या पार्थिव देहावर ध्वज पांघरला जातो, त्याच्या मस्तकाकडे केशरी बाजू असते. चितेपाशी पोहोचल्यावर ध्वज काढून घेतात. तो देहाबरोबर जाळीत नाहीत.

नियम माहीत असूनही चूक कशी होते, ते मी एकदा अनुभवले आहे. मी मुख्याध्यापक होतो. पंधरा ऑगस्टची सकाळ, पावसाची भुरभुर, पाहुणे व्यासपीठावर. दोरी ओढली, ध्वज वर जाऊन उलगडला, आणि पाहतो तो हिरवा पट्टा वर! मैदानावर कुजबुज सुरू झाली. ध्वज बांधणारा नववीतला मुलगा पांढराफटक पडला. मी ध्वज सावकाश उतरविला, पुन्हा नीट बांधला, पुन्हा चढविला. मग राष्ट्रगीत झाले. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाला शिक्षा करा असे एक-दोघांनी सुचविले. पण आदल्या संध्याकाळी बांधलेला ध्वज तपासून पाहणे हे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. हे मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर सांगितले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर चौदा ऑगस्टला आणि पंचवीस जानेवारीला मी आणि तो मुलगा, पुढे त्याच्या जागी येणारा दुसरा मुलगा, असे दोघे मिळून गाठ पाहत असू.

तोच ध्वज काही वर्षांनी कडेने उसवू लागला. नव्याने आलेल्या एका शिक्षकांनी विचारले, “सर, कापड अजून धड आहे, एखाद्या कामी नाही का येणार?” तसे करावयाचे नसते. जीर्ण झालेला ध्वज तुकडे न करता, संपूर्णपणे, एकांतात, शक्यतो अग्नीला अर्पण करून मानाने नष्ट करावयाचा असतो. रस्त्यावर पडलेले कागदी झेंडेही असेच गोळा करावयाचे असतात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि आमचे शिपाईमामा मागच्या आवारात गेलो. मामांनी जमीन झाडून स्वच्छ केली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते सावधान उभे राहिले. खादी जळावयास चार-पाच मिनिटे लागली. राख निवेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग मामांनी ती ओंजळीने उचलून गुलमोहराच्या आळ्यात घातली, हात धुतले, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते फाटक लावावयास गेले.